एकशे तेरा हरकती

चिंचटाकळी,
गुरुवार, दि. ५ मार्च १९८७

आक्का,

पाया पडतो. आधीच्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही, तरी हे चौथं लिहितो. गावात असं काही घडलंय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तू चौथीपर्यंत शिकलीस म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतोय. दाजींकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच.

काल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. मी ती दोनदा उतरवून घेतली, एकदा घाईत आणि एकदा नीट. जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापासून दोनशे फुटांच्या आत सकाळी सात ते अकरा मोटार, बैलगाडी, सायकल किंवा कोणतेही वाहन उभे करण्यास मनाई करण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. त्रिंबक गुरुजींच्या अर्जावरून हे केलंय, असंही खाली आहे.

आता आमची डेअरी कुठं आहे ते तुला माहीत आहे. शाळेच्या भिंतीला पाठ लावून पत्र्याची खोली. दोनशे फूट म्हणजे किती, ते मी दोरी घेऊन मोजलं. पार पिठाच्या गिरणीपर्यंत जातं. डांबरी रस्ता शाळेपाशीच संपतो, म्हणजे दुधाच्या गाडीला दुसरीकडे उभं राहायला जागाच नाही. गाडी थांबली नाही तर नेकनूरहून परस्पर दुसऱ्या गावाला जाईल. नऊनंतर ह्या उन्हात दूध नासतं. आणि पेंडसुद्धा त्याच गाडीतून येते. यंदा ज्वारी हातभर वाढून वाळली, विहिरींत तळाचे दगड दिसतात. गाव तगून आहे ते सकाळच्या दुधावर, आणि तेच बंद पडायची वेळ आली.

नोटिशीपुढं ही गर्दी! भारतनं मोठ्यानं वाचायला घेतली आणि 'बैलगाडी उभी करण्यास' इथं थांबला. म्हणाला, "बैल सोडल्यावर गाडीचं जू भुईला टेकतंय. मंजी गाडी बसली. बसलेल्या गाडीला नोटीस लागू न्हाई." सगळे हसले. डेअरीचे चेअरमन मोहनराव मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "रामकिसन, तुझं अक्षर चांगलं हाय. हरकती तू लिव्ह. आख्ख्या गावाच्या."

आक्का, आख्ख्या गावाच्या! नववी नापास माणसाला हे काम.

नोटिशीत 'जानेवारीतील अपघात लक्षात घेता' असे शब्द आहेत. मी ते जसेच्या तसे उतरवले. नाव दिलेलं नाही. विमलचं प्लास्टर निघालं का? एवढं तरी कळव.

तुझा,
रामकिसन


सोमवार, दि. ९ मार्च १९८७

आक्का,

एकेचाळीस झाल्या!

सकाळी माप घेताना एकेकाला थांबवतो, त्याचं म्हणणं ऐकतो आणि दुपारी बसून लिहून काढतो. प्रत्येकाची हरकत वेगळी लिहायची असं मी ठरवलंय. एकच मजकूर सगळ्यांचा असला तर वाचणारा दुसऱ्या कागदावरच झोपेल. कोणी म्हणतं म्हातारपणी कॅन दोनशे फूट न्यायला होत नाही, कोणी म्हणतं माझी सायकल स्टँडवर नीट उभी राहते, तिचा कोणाला त्रास नाही. मी सगळं खरं तेच लिहितो. शब्द अडला की शाळेतला कोश आणतो. गुरुजी मुकाट्यानं काढून देतात. त्यांच्याच अर्जाविरुद्ध मी लिहितोय हे त्यांना ठाऊक आहे. काल म्हणाले, "'वाहतूक' पुन्हा एकदा बघून घे." म्हणजे ते वाचतात!

वस्तीवरच्या सुंदरबाईची गंमत सांगतो. तीच, दोन म्हशी आणि पंचवीस शेरडं घेऊन एकटी राहणारी. मी विचारलं, "सुंदरबाई, तुमची हरकत काय?"

"लिव्ह, मोहनराव लई मातलाय."

"ते ह्यात बसत नाही."

"कावून बसत न्हाई? कागद ल्हान पडतोय का?"

"गाडी उभी करण्याबद्दल बोला."

"माज्याकडं कुठं गाडी हाय? मी डोक्यावर आनते. माजं डोसकं हुबं करायला बंदी हाय का, त्ये इच्यार तुज्या सायबाला."

मी ते जवळजवळ तसंच लिहिलं, फक्त 'डोके' केलं. तिनं अंगठा उठवला आणि जाताना म्हणाली, "तुजी भाची लंगडती का आजून?" मी म्हटलं, माहीत नाही. तिनं कॅन उचलला आणि गेली.

हो, सटवा ड्रायव्हर आता आमच्या गाडीवर नाही. फेब्रुवारीतच त्याला काढला. गेवराईकडं परत गेला म्हणतात. चूक त्याचीच होती असं सगळे म्हणतात. नवीन ड्रायव्हर बोलत नाही.

रामकिसन


शनिवार, दि. १४ मार्च १९८७

आक्का,

एकशे तेरा! उंबरे एकशे सोळा, त्यातली तीन घरं कुलूप लावून गेलेली. बाकी एकही सुटलं नाही. तीन बाटल्या शाई लागली. मी त्या गल्लीप्रमाणं लावून, सुतळीत ओवून, वर अनुक्रमणिका जोडली. मोहनरावांनी गठ्ठा हातात तोलून बघितला. म्हणाले, "ह्याच्या वजनानंच साहेब दबतोय."

माय म्हणते, पोराला ताप आलाय. ताप नाही, आक्का, आनंद आहे. डेअरीत मी माप घेतो, काचेची नळी दुधात सोडून आकडा सांगतो, तो आकडा सगळे ऐकतात आणि मला विसरतात. ह्या आठवड्यात लोक मला नावानं हाक मारतात.

सुनावणी शुक्रवारी, २० तारखेला, शाळेच्या मोठ्या वर्गात. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी येणार.

आता एक काम आहे, ते तुझ्याशिवाय होत नाही. मोहनराव म्हणतात, सगळं त्या अपघातावर अडणार. पोरीच्या आईनंच लिहून दिलं तर गुरुजींचा अर्ज पडला. म्हणून सोबत एक कागद ठेवलाय. मजकूर मीच लिहिलाय, तुला फक्त खाली सही करायची आहे. 'गाडी नेहमीच्या जागी उभी होती. मुलगी स्वतःहून धावत मागे गेली. याबद्दल कोणाविरुद्ध माझी तक्रार नाही.' एवढंच. पत्त्याचं पाकीट तिकीट लावून ठेवलंय. फक्त सही.

कोणाविरुद्ध तक्रार नाही, असं तू म्हणाली नव्हतीस, हे मला आठवतं. तू काहीच म्हणाली नव्हतीस. पोरीला शाळेसाठी आमच्याकडं ठेवून ऊसतोडीला गेली होतीस, तोड अर्धी टाकून आलीस, पोरीला पाठुंगळी घेतलंस आणि गेलीस. पण तक्रार आहे असंही तू म्हणाली नाहीस.

सही पाटीवर एकदा गिरवून बघ, म्हणजे कागदावर नीट येईल.

रामकिसन


बुधवार, दि. १८ मार्च १९८७

आक्का,

दाजी काल नेकनूरला भेटले. तुला माहीत असेलच, तूच पाठवलं. मी दूध संस्थेच्या कामासाठी गेलतो. मला वाटलं ओळख दाखवणार नाहीत. ते सरळ माझ्यासमोर आले आणि खिशातून तो कागद काढला.

"तुजी बहीन म्हनली, ह्याच्यावर आदी तू सही कर. मंग ती करंल."

मी म्हटलं, "माझी सही कशाला? मी आई थोडाच आहे."

"त्ये मला कळत न्हाई. मी निरोप्या. पोरगी कुबडी घिऊन वसरीत हिंडती, आन् इचारलं तर एकच सांगती. काय सांगती त्ये तुला ठाव हाय."

चहा घ्या म्हटलं. घेतला नाही.

कागद माझ्याकडं आहे. घडीवर तुझ्या हाताचा पिठाचा डाग आहे. सहीसाठी पेन उघडलं आणि 'धावत' ह्या शब्दावर अडकलो. शुद्धलेखन बरोबर आहे. मी पेन बंद केलं.

परवा सुनावणी.

रा.


शुक्रवार, दि. २० मार्च १९८७

आक्का,

आत्ताच सुनावणीहून आलोय. घाईत अक्षर बिघडेल, पण थांबलो तर सगळं क्रमानं आठवणार नाही.

मोठ्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एका बाजूला पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या. विस्तार अधिकारी साहेब टेबलामागं. मोहनरावांनी गठ्ठा नारळासारखा दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. साहेबांनी सुतळी सोडली. एक कागद वाचला, दुसरा वाचला, मग मधलेच दोन काढून शेजारी शेजारी ठेवले.

"हे अक्षर कोणाचं?"

मोहनराव अभिमानानं म्हणाले, "आमच्या रामकिसनचं, साहेब. मोत्यासारखं."

"सगळ्या एकशे तेरा?"

"सगळ्या!"

साहेबांनी एक कागद उजेडाकडं धरला. "आणि हे अंगठे आहेत का शाईचे डाग?"

आक्का, ते अंगठेच होते. सही येणाऱ्यांचेसुद्धा मी घाईत अंगठेच घेतले, तेही दूध घालायच्या वेळी, रांगेतच. धार काढून, कॅन उचलून आलेले हात. अंगठ्याला दुधाचा ओशटपणा. शाई धरलीच नाही, रेघ एकही उमटली नाही, एकशे तेरा काळे ठिपके. शब्द मी तीनतीनदा तपासले. अंगठ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "अक्षर एक, अंगठा ओळखू येत नाही. ही सगळी मिळून मी एक हरकत धरतो."

एकच गलका. भारत उठला. "साहेब, आमी एकशे तेरा मानसं हितं जितीजागती बसलोय, आमाला मोजा की!"

"लेखी मागितलं होतं. लेखी एक आहे. ज्यानं लिहिली त्यानं उभं राहून बोलावं, मी ऐकतो."

मला कोणीतरी मागून उठवलं. मोहनरावांनी कानाशी तोंड आणलं. "बोल बे. घाबरू नको. पोरगी सोताहून पळाली म्हन, बाकी मी सांभाळतो."

पुढं त्रिंबक गुरुजी बसले होते. साहेबांनी विचारलं, "अपघाताच्या वेळी तू तिथं होतास?"

"होतो, साहेब."

"मुलगी गाडीमागं कशी गेली?"

मी जे बोललो ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण तुझ्यापर्यंत ते दुसऱ्याच्या तोंडून आधी यायला नको.

मी म्हणालो, त्या दिवशी गाडी आठऐवजी साडेदहाला आली. शाळा भरत होती. शाळेचा हौद कोरडा, म्हणून पोरं डेअरीशेजारच्या पिंपातलं पाणी प्यायला येतात. रोज येतात, मला माहीत होतं. मला कॅन लांब उचलून न्यायचा कंटाळा होता, म्हणून मीच ड्रायव्हरला गाडी पिंपापर्यंत मागं घ्यायला लावायचो. मागं उभा राहून फळीवर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं काम माझं. त्या दिवशी मी थाप मारत होतो आणि डोळे वहीत होते. आदल्या ओळीत एक आकडा खोडलेला होता, तो मला नीट करायचा होता. सटवानं मला दोनदा विचारलं, मागं कोणी हाय का? मी न बघता म्हणालो, येऊ द्या. विमल धावली नव्हती. ती पिंपापाशी उभी राहून पाणी पीत होती.

एवढं बोलून मी म्हणालो, सटवाची चूक नाही. मी जानेवारीत हे बोललो नाही.

मग भारत म्हणाला, "एकशे तेरा लिव्हल्या, आन् एका तोंडानं घालवल्या बे." पण तो हसत नव्हता. मोहनरावांनी तोंड फिरवलं.

गुरुजींनी चष्मा काढला. "मग रामकिसन, तुझी हरकत उरली का काही?"

आणि आक्का, इथं मला काय झालं ठाऊक नाही. रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मला सगळं एकदम लख्ख दिसलं, दोरीनं मोजलेलं सगळं. मी म्हणालो, "उरली, गुरुजी. नोटीस म्हणते गाडी उभी करू नका. उभ्या गाडीनं पाय मोडला नाही. मागं घेतलेल्या गाडीनं मोडला. गाडीला मागं जावंच लागणार नाही अशी जागा फाटकापासून नव्वद फुटांवर आहे. कोंडवाडा."

कोणाच्या डोक्यात तो आलाच नव्हता. दुभती तेवढी दावणीला राहिली, बाकी गुरं सगळी चारा छावणीला गेली, कोंडवाड्यात कोंडायला एक शेपूट नाही. पुढचं दार रस्त्यावर. मागची भिंत गेल्या पावसाळ्यातच पडलेली. गाडी एका बाजूनं आत येईल, कॅन भरेल, दुसऱ्या बाजूनं सरळ निघून जाईल. दाराची रुंदी मी सांगितली, गाडीची सांगितली. दोन्हीकडं वीत-वीतभर शिल्लक राहते. "नोटिशीतून एवढा कोंडवाडा वगळा. फाटकापुढं कोणी काही उभं करायचं नाही, सायकलसुद्धा नाही. आणि पाण्याचं पिंप शाळेच्या आवारात न्या, म्हणजे पोरांना बाहेर यायला नको."

मोहनराव म्हणाले, "आन् डेअरीपासून कोंडवाड्यापतोर कॅन कोन न्हेनार?"

बायकांच्या बाकांवरून सुंदरबाईचा आवाज आला. "वस्तीवरून अर्धा कोस आनतो आमी डोक्यावर. हितून कोंडवाडा मंजी काय मुंबई हाय का? आन् चेरमनला झेपत न्हाई तर चेरमननं नुसतं बघावं."

साहेबसुद्धा हसले. ते गुरुजींना आणि ग्रामसेवकांना घेऊन उन्हात बाहेर गेले. मी दोरी आणायला पळालो. नव्वद फूट नव्हते, चौऱ्याण्णव निघाले. साहेबांनी कोंडवाड्यात उभं राहून दोन्ही बाजूंना बघितलं आणि तिथंच भिंतीवर कागद ठेवून शेरा लिहिला. पावसाळ्यापर्यंत कोंडवाडा मोकळा, डेअरी जागच्या जागी. गाडी एकदाही मागं घेतलेली दिसली तर दुसऱ्या दिवसापासून पूर्ण बंदी.

आक्का, डेअरी राहिली! लोक इतके ओरडले की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळली.

मला मात्र संस्थेनं मापावरून काढलं. मोहनराव म्हणाले, "दोन म्हैने खोटं बोललास. दुधाचा आकडा तुज्या तोंडून आता कोन खरा मानंल?" बरोबरच आहे. उद्यापासून मी कॅन वाहणार, डेअरी ते कोंडवाडा. सुंदरबाई म्हणते, मान ताठ ठेव, नाहीतर सांडशील.

सटवासाठी अर्ज लिहून दिलाय, त्याला पुन्हा ह्या गाडीवर घ्यावं म्हणून. त्यावर माझी सही आहे. अंगठे नाहीत.

तुझ्या कागदावर मी सही केली नाही. तो फाडला. दुसरा लिहिलाय, वर लिहिलंय तेच सगळं, आणि खाली माझी सही आहे. तो सोबत ठेवतो. त्यावर तू सही करायची गरज नाही, तो तुझ्याकडंच राहू दे.

रामकिसन


गुरुवार, दि. ११ जून १९८७

आक्का,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमन कोंडवाड्यापाशीच आला. दोन्ही हातांत कॅन होते, म्हणून त्यालाच म्हटलं, वाचा. त्यानं मोठ्यानं वाचलं, कॅन वाहणाऱ्या सगळ्या बायांनी ऐकलं. मग मी कॅन ठेवून तीनदा वाचलं. तुझं अक्षर सुधारलंय.

तू लिहिलंस, 'पोरगी चालती. शाळा बुडवायची नाही म्हणती. सोमवारी धाडते. पण तुझ्या हवाली नाही. सुंदरबाईच्या घरी राहील, तिचं बोट धरून शाळेत जाईल. तू तिच्यापासून लांब राहायचं, ती स्वतः तुझ्याशी बोलेपर्यंत.'

सगळं मान्य आहे.

मी तिथूनच सुंदरबाईकडं गेलो. ती म्हणाली, "तुज्या बहिनीला अक्कल हाय मंजी. मला वाटलं सगळी भावंडं सारखीच." मग लगेच शेरडं हाकलून खोपटातली एक बाजू झाडायला लागली, आणि मला म्हणाली, बाज आण. मायच्या घरची बाज मी डोक्यावर नेऊन टाकली. सुंदरबाई पैसे काहीच घेणार नाही, फक्त पोरीला शेरडं मोजायला शिकवणार म्हणते.

गाडी आता सटवाच आणतो. तीन महिन्यांत एकदाही मागं आली नाही. सटवा माझ्याशी बोलत नाही, पण मी कॅन चढवताना हात देतो. पाऊस अजून नाही. पाण्याचं पिंप शाळेच्या ओसरीवर आहे, गुरुजी स्वतः झाकण उघडून पेला देतात. विमलचं नाव पटावरून कापलेलं नाही, चौथीच्या यादीत सातवं आहे. मी खिडकीतून वाचलं.

पहिली एसटी नऊला फाट्यावर येते. मी फाट्यावर येणार नाही. सुंदरबाई येईल. गर्दीत विमलला ती चटकन दिसावी म्हणून तिला हिरवं लुगडं नेसायला सांगितलंय. ती म्हणाली, "आन् पोरगीनं वळकलं न्हाई तर?" मी म्हटलं, तुम्ही बोलायला लागलात की ओळखेल.

मी त्या वेळी कोंडवाड्यात असेन. तिथून फाटा दिसत नाही.

तुझा,
रामकिसन